सुईणीची शपथ

राणीच्या राज्यारोहणाचा वार्षिक उत्सव होता. सकाळपासून चर्चच्या घंटा थांबायला तयार नव्हत्या. अ‍ॅव्हिस लार्टर बिअर गाळत बसली होती आणि तिचे गुडघे ठणकत होते. साठी उलटलेली ही सुईण सफोकमधल्या त्या गावात उभी हयात बाळंतपणं करत आली होती. तिच्या देखत धर्म कितीदा बदलला! चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, परत बसवल्या, पुन्हा फोडल्या. बायकांच्या कळा मात्र होत्या तशाच राहिल्या.

"अ‍ॅव्हिसमावशी, चला लवकर!" दारात ज्युडिथ उभी होती. चर्चचे कारभारी अँब्रोस थर्लो यांची ती बायको. "एमट अडलीय. आणि... आमचे हे पण यायला निघालेत."

"ते कशाला? त्यांना व्हायचंय का मूल?"

ज्युडिथ हसली नाही. म्हातारीलाही हसू आलं नाही. कारभारी का येणार, ते दोघींना ठाऊक होतं.

बाप सापडला नाही, तर लग्नावाचून झालेलं मूल गावाला पोसावं लागे. म्हणून बिशपच्या कचेरीत सुईणीला परवाना देतानाच शपथ घ्यायला लावत: बापाचं नाव पोरीच्या तोंडून निघेपर्यंत तिला हात लावायचा नाही. कळा देताना बाई खोटं बोलत नाही, असं कचेरीतले शहाणे म्हणत. त्यांतल्या एकानेही कधी कळा दिल्या नव्हत्या. अ‍ॅव्हिसने ती शपथ वर्षानुवर्षं पाळली होती. पोट त्याच्यावरच होतं, आणि जाब विचारणारी तरी ती कोण!

एमट ही दूधदुभत्याच्या कामावरची मोलकरीण. पोट दिसू लागलं तसं मालकाने तिला हाकललं. चर्चच्या मागच्या खोलीत गवतावर ती पडली होती. ज्युडिथने तिला मागून धरलं. बाहेर, दाराला लागून, अँब्रोस उभे राहिले.

"विचारा तिला," ते आतल्या बाजूला ओरडले.

अ‍ॅव्हिस खाली बसली. "कोणाचं गं पोर, बाळ? सांगून टाक आणि मोकळी हो."

"हम्फ्रीचं," एमट कण्हत म्हणाली. "आधीपण सांगितलंय. हातात हात घेऊन लग्नाचं वचन दिलं होतं त्याने."

हम्फ्री वसंतातच राणीच्या लढाईवर समुद्रापार गेला होता. शिपाई हवेत म्हणून हुकूम आला, तेव्हा गावातून त्याचं नाव अँब्रोस यांनीच दिलं होतं. तो परत येईल याची खात्री कोणालाच नव्हती, आणि फ्लँडर्सच्या चिखलात पडलेल्या माणसाकडून मूल पोसून घेता येत नाही.

"परत विचारा!" बाहेरून आवाज आला. "पलीकडच्या गावचा तो चक्कीवाला, त्याच्याकडे दळण न्यायची ही. त्याचं नाव घेऊन विचारा."

"हम्फ्रीच," एमट म्हणाली. मग कळ आली आणि ती किंचाळली, "मेरी माते, सोडव गं!"

"हां! जुन्या धर्माची नावं नकोत इथे!" अँब्रोस गरजले.

अ‍ॅव्हिसने पोटावरून नुसती नजर फिरवली. मूल आडवं होतं. आत्ता हात लावला नाही, तर दोघांचंही काही खरं नव्हतं.

"अहो, मूल आडवं आहे," ती दाराकडे पाहून म्हणाली. "नंतर विचारते."

"आधी नाव, मग हात. शपथ विसरलात की काय?"

एमटने तिचा झगा घट्ट पकडला. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. "मावशी, कोणाचं नाव हवंय त्यांना? तुम्हीच सांगा. मी घेते ते. पण मला सोडवा."

आजवर अशा किती पोरींकडून अ‍ॅव्हिसने नावं काढून घेतली होती! त्या नावांवर किती माणसांना चौकात फटके बसले होते! त्यांतली खरी किती? तिला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. तिला फक्त या सगळ्याचा वीट आला.

"ज्युडिथ, दार लाव," ती म्हणाली.

"मावशी, हे बाहेर आहेत..."

"म्हणूनच म्हणते, लाव."

ज्युडिथने क्षणभर दाराकडे पाहिलं. मग उठून तिने आतून कडी घातली. अँब्रोस दारावर धक्के मारत राहिले, वर घंटा वाजत राहिल्या, आणि म्हातारीने बाह्या सारून मूल फिरवलं. मुलगी झाली. खूप वेळाने रडली, पण रडली. एमटही वाचली.

पुढे व्हायचं ते झालंच. धर्मकचेरीत अ‍ॅव्हिसला उभं केलं.

"नाव काढून घेतलंस का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तिने दिलं होतं, साहेब. या कारभाऱ्यांना ते आवडलं नाही."

परवाना गेला. रविवारी भर चर्चमध्ये प्रायश्चित्त म्हणून पांढरी चादर पांघरून, हातात काठी घेऊन तिला उभं केलं. शेजारी तशाच चादरीत एमट. कोपऱ्यात कुणाच्या तरी मांडीवर तिचं पोर भुकेने रडत होतं. पाद्रीबुवांनी अविवाहित राणीच्या निष्कलंक थोरवीबद्दल देवाचे आभार मानले आणि मग विचारलं, "गावाला नवी सुईण हवी. शपथ घ्यायला कोण पुढे येतंय?"

बाकांवरच्या बायका आपापल्या हातांकडे बघत राहिल्या.

"ज्युडिथबाई, तुम्हाला या कामाची माहिती आहे," पाद्रीबुवा म्हणाले.

अँब्रोस यांनी बायकोला कोपराने ढोसलं. "ऊठ. लोक बघताहेत."

ज्युडिथ उठली. "बाळंतपणं करीन मी, महाराज. बोलावलं तिथे जाईन. ती शपथ तेवढी घेणार नाही."

"अगं, काय बोलतेस!" अँब्रोस पुटपुटले.

"तुम्ही दाराबाहेर होतात," ती म्हणाली. "मी आत होते."

ती खाली बसली. पाद्रीबुवांनी दुसऱ्या बाईकडे पाहिलं, मग तिसरीकडे. कोणी उठलं नाही. अ‍ॅव्हिस काठीवर भार टाकून उभी होती. तिला बसायचं होतं, झोपायचं होतं. पण पोर रडायचं थांबेना, तेव्हा तिने काठी भिंतीला टेकवली, सगळ्या गावादेखत कोपऱ्यात जाऊन त्याला उचललं आणि एमटच्या चादरीआड दिलं.

"पाज," ती म्हणाली. "यांचं चालू दे."