तांत्रिक कारण

काय म्हणावं या माणसांना! तीन फेऱ्या झाल्या हौसाबाईच्या माजिवड्याहून ठाण्याला. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन उन्हातान्हात तंगडतोड करायची आणि क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी भाऊ टिपणीस तिन्ही वेळा तेच एक वाक्य ऐकवणार : "बाई, कारण फळ्यावर लिहिलेलं आहे."

लिहिलेलं होतंच की. सगळा घोळ त्या लिहिण्यानेच तर झाला होता.

सव्वीस जानेवारीला मंडळाने सायकलींची शर्यत ठेवली होती. माजिवड्याच्या नाक्यावरून निघायचं, घोडबंदर रोडने कासारवडवलीपर्यंत जायचं आणि परत यायचं. हौसाबाईचा दौलत पहिला आला, चांगला दोन फर्लांग पुढे. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवला. मग मंडळाच्या लोकांनी त्याची सायकल तपासली, आपापसात कुजबुजले, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या दाराशी फळ्यावर सुबक अक्षरांत आलं : 'दौलत गुणाजी पाटील – तांत्रिक नियमभंगामुळे बाद.' कुठला नियम, कसला भंग, चकार शब्द नाही. दौलत विचारायला गेला तर त्यालाही फळाच दाखवला. मानी पोर ते, पुन्हा त्या दारात गेलं नाही.

आता 'तांत्रिक' हा शब्द तेव्हा नवाकोरा होता. कुठल्याशा कचेरीत बसून कुणी तरी पाडलेला. भाऊंचा त्याच्यावर भारी जीव. माजिवड्यात मात्र तो कुणी ऐकलेला नव्हता. फळा वाचून आलेल्या न्हाव्याने गावाला अर्थ सांगितला तो सरळ होता : तांत्रिक म्हणजे तंतरमंतर. पोराने करणी करून शर्यत मारली आणि साहेबांनी पकडली!

झालं! दुसऱ्या नंबरच्या पोराचं चाक मानपाड्याला पंक्चर झालं होतं, ते उगाच का? दौलतच्या सीटखाली म्हणे टाचण्या टोचलेलं लिंबू निघालं. एकाने पाहिलं, तिघांनी शपथ घेतली. आणि त्याची आई तर दृष्ट काढणारी! अहो, वीस वर्षं हीच माणसं किरकिरी पोरं काखेला मारून तिच्या दारात यायची, "मावशे, जरा मीठमोहऱ्या ओवाळ गं" म्हणायची. आता तिला बघितलं की तीच पोरं पदराआड दडवायला लागली. लाज नाही वाटत मेल्यांना!

हौसाबाईने तेही सोसलं असतं. पण परवा बाळकुमहून तानाजी आला. त्याच्या मालनशी दौलतचं लग्न ठरलेलं, सुपारी फुटलेली, फाल्गुनातली तिथी धरलेली. तानाजीने चहाला हात लावला नाही. "रविवारी मी ठाण्याला येतू," म्हणाला. "खरं काय ते साहेबांकडून वदवा. नायतर सुपारी परत. चेटकाचे घरात मी पोर देनार नाय."

दौलत मान खाली घालून ऐकत होता. त्या दिवसापासून तो धड जेवला नव्हता.

म्हणून आज रविवारी हौसाबाई मंडळात गेलीच नाही. थेट भाऊंच्या घरी गेली, पाटी उंबऱ्यात आडवी ठेवली आणि तिथेच बसली.

"आज मी उठनार नाय."

भाऊ बनियनवर बाहेर आले. "बाई, किती वेळा सांगू? तपशील जाहीर करायचा नाही असा मंडळाचा शिरस्ता आहे. त्यात तुमच्या मुलाचीच अब्रू राहते."

हौसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अब्रू? माझे पोराला चेटक्या ठरवलात, नि वर मना अब्रू सांगताव?"

"चेटक्या? मी कधी म्हटलं?"

"फल्यावर लिवलात ना, तांत्रिक म्हनून!"

भाऊंच्या बायकोने, उत्तराबाईंनी, आतून ऐकलं आणि त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. मग हौसाबाईचा चेहरा दिसला तशा हसू आवरून बाहेर आल्या. "अहो, तांत्रिक म्हणजे त्यांना मांत्रिकाचा भाऊ वाटला!"

"हा शुद्ध अडाणीपणा आहे!" भाऊ उसळले. "तांत्रिक म्हणजे टेक्निकल!"

"मग तसं लिहायचं."

"ते इंग्रजी आहे!"

"मग सरळ मराठीत काय झालं ते लिहा ना," उत्तराबाई म्हणाल्या. "तिचं पोर बदनाम झालंय आणि तुम्ही शब्द कसले कुरवाळत बसलाय?"

भाऊंनी कपाळाला हात लावला. "घंटी," ते अखेर म्हणाले. "नियम सातवा. सायकलला वाजती घंटी पाहिजे. त्याच्या घंटीची वरची वाटीच नव्हती. बस, एवढंच!"

ती वाटी कुठे आहे, ते हौसाबाईला चांगलं ठाऊक होतं.

शर्यतीच्या दिवशी पहाटे तिला वाटलं होतं, सायकल गावदेवीच्या पाया पडायला हवी. आता सायकल का गाभाऱ्यात नेता येते? दौलत झोपला होता. तिने घंटीची वाटी हाताने फिरवली, दोन आट्यांत निघाली. कुंकू लावून देवीच्या पायाशी ठेवली. पोर जिंकून आलं की आणीन, म्हणाली. आणि नंतरच्या गोंधळात साफ विसरून गेली.

"चला, आत्ताच लिहितो," भाऊ सदरा चढवत म्हणाले. "वाटी रस्त्यात पडली, असं लिहू. प्रश्न मिटला."

मिटला असता की! दौलतला कळलं नसतं, गावाला कळलं नसतं. आणि देवीपाशी काही ठेवलं होतं म्हटलं, तर गाव पुन्हा करणीच म्हणणार. पाटी उचलून ती भाऊंच्या मागोमाग मंडळाकडे निघाली.

ठरल्याप्रमाणे तानाजी फळ्यापाशी उभाच होता, दौलतलाही त्याने ओढत आणलं होतं. भाऊंनी खडू उचलला.

"पडली नाय," हौसाबाई म्हणाली. "मी काढलेली. देवीपाशी ठेवलेली. तसंच लिवा."

"बाई, ते कशाला? उगाच तुमची..."

"अब्रू ना? तुमी झाकलात त्याचं हे झालं. मी नाय झाकनार."

भाऊंनी लिहिलं. तानाजीला वाचता येत नव्हतं, म्हणून दौलतने मोठ्याने वाचून दाखवलं : घंटीला वाटी नव्हती. वाटी आईने देवीपाशी ठेवली होती. दुसरं वाक्य त्याने दोनदा वाचलं.

तानाजी गदगदून हसला. "अगं माझे विहिनी! लगनात पोराचं बाशिंग तरी देवीपाशी नेऊन ठेवू नको!"

हौसाबाईला हसू आलं नाही. ती दौलतकडे बघत होती. तो अजून फळ्याकडेच तोंड करून उभा होता.

"मी पयला आलेलो, आये," तो हळूच म्हणाला.

तिने डोळ्यांना पदर लावला आणि भाऊंकडे वळली. "तेबी लिवा."

"बाई, बाद झालेल्याचा नंबर लिहीत..." भाऊंनी मायलेकांकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. फळ्यावर खाली थोडी जागा होती. त्यांनी पुन्हा खडू उचलला.