तिसावं बटण

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत. थोरल्या बहिणीनं लहानपणी ठेवलेलं नाव, आणि पुढं शिवणकामच पत्करल्यावर ते अंगाला असं बसलं की खरं नाव विचारायचं कुणाला सुचेनासंच झालं. दिवसभर ओठांत दोन-तीन टाचण्या धरून ती बोलायची आणि बोलताना एकही टाचणी पडायची नाही. बोलणं मात्र टोचायचं, ते वेगळं.

तिच्या दुकानात एक नियम होता. चिठ्ठी टाचल्याशिवाय एकही कापड फळीवर जाणार नाही. कुणाचं, कसलं, मापं काय, सगळं त्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी त्याच कापडाला. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता, फजितीनं शिकवला होता. धंद्याच्या पहिल्या वर्षी तिनं शाळेच्या बारा सदऱ्यांची मापं भिंतीवरच्या एकाच पाटीवर घेतली. एकाचं लिहायचं, पुसायचं, दुसऱ्याचं लिहायचं. कापायला बसली तेव्हा पाटीवर उरलं होतं बाराव्या पोराचं माप. तो बारावा हत्तीचं पिल्लू होता. उरलेले अकराजण वर्षभर तंबू घालून शाळेत गेले. तीस वर्षं झाली, तरी लोक अजून त्यावर हसतात. हसोत बापडे.

आता ही टाचणी पन्नाशी उलटल्यावर वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, वेबपानं बोलती-चालती करायला शिकत होती. वर्गात ती सगळ्यांत मोठी. शिकवणाऱ्या बाई तिच्या निम्म्या वयाच्या. "म्हातारपणी हे काय खूळ?" असं विचारणाऱ्याला ती म्हणायची, "तुमच्या पॅन्टची चेन मी लावते तेव्हा विचारता का?"

खूळ नव्हतं. कारण दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत होतं.

ताई. आयुष्यभर गणित शिकवलेली, एका हाकेत पटांगण गप्प करणारी थोरली बहीण. चार महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ताईनं वहीत एकोणतीस वाक्यं लिहून काढली, नंबर घालून, आणि धाकटीला म्हणाली, "फोन काढ. भर माझा आवाज." रडारड नाही, काही नाही. 'कोण आहे?', 'थांबा, येते', 'आत ये, चपला बाहेर काढ', 'टाचणे, इकडे ये', 'ऐकतेय मी, बोला', 'नाही म्हणजे नाही'. सतरावं वाक्य होतं, 'ओरडू नका, माझा आवाज गेलाय, कान नाही.' ताईला माणसं चांगली ठाऊक होती.

एकोणतीस झाली, पण टाचणीच्या हातून रेकॉर्डिंग परत सुरू झालं. बंद करायचं तिला सुधरेना. तेवढ्यात ताई म्हणाली, "पुरे झालं आता. बंद कर ते." तेही भरलं गेलं. ती तिसावी फाइल टाचणीनं पुसली नाही. पुसायला हातच झाला नाही.

आवाज गेल्यावर ताईच्या मुलानं तिला एक टॅब पाठवला. त्यावर लिहिलं की तो वाचून दाखवायचा, एका गोड, परक्या बाईच्या आवाजात. ताईनं एकदा ऐकलं, बोलण्यासाठी घेतलेल्या पाटीवर लिहिलं, 'ही भवानी कोण?' आणि टॅब खणात टाकला. पुढं तिनं दार उघडणंच सोडलं. कुणी आलं तर आत गप्प बसून राहायची. फोन वाजून वाजून थांबायचा. मुलाचा जीव टांगणीला. शेवटी त्यानं ठरवलं, रविवारी सकाळी अकराला येतो आणि तिला कायमची घेऊन जातो. तीनशे किलोमीटर लांब, त्याच्या घरी. हाक मारता येत नाही त्या माणसानं एकटं राहायचं कसं? मुलाचं चुकत नव्हतं. पण ताईला जायचं नव्हतं. आणि तसं सांगायला तिच्याकडं नुसती पाटी होती. पाटी पुसली की म्हणणंही पुसलं जायचं.

म्हणून टाचणी एक पान बनवत होती. तीस बटणं. दाबलं की ताईचा स्वतःचा आवाज. ताईला तिनं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. आधी आशा लावायची आणि मग पान मुकं निघायचं, हे तिला सोसलं नसतं. आणि आज शनिवार होता, दुपारचे दोन वाजले होते, पुढचा वर्ग थेट मंगळवारी.

पान सकाळपासून नाकी नऊ आणत होतं. आधी एकही बटण बोलेना. टाचणीनं दात-ओठ खाल्ले, मग बाईंचं सांगणं आठवलं: पान गप्प असलं तरी कन्सोल गप्प नसतो, तिथली लाल ओळ वाचा, घाबरू नका. कन्सोल म्हणजे पानाची तक्रारपेटी. तिनं उघडली. तक्रार सरळ होती: तू म्हणतेस ते बटण इथं नाहीच. नाही कसं, ढळढळीत दिसतंय की! मग उजेड पडला. तिनं हुकूम पानाच्या डोक्यावर लिहिले होते आणि बटणं खाली. पान वरून खाली वाचत येतं. ते हुकमापाशी पोचलं तेव्हा बटणं जन्मलीच नव्हती. कापड यायच्या आधी काज करायला सांगितल्यासारखं ते. तिनं सगळे हुकूम उचलून तळाला नेले, आणि पहिलं बटण बोललं.

पण पहिलंच. बाकीची एकोणतीस ढिम्म. इथं घोडं कुठं अडलंय, हेही तासाभरानं कळलं. 'बटण आण' म्हटलं की ते समोर येईल ते पहिलं आणून मोकळं होतं. सगळी हवीत तर 'सगळी आण' असं म्हणावं लागतं, आणि मग एकेकाला ओळीनं काम नेमून द्यावं लागतं. बरं बाबा. तिनं तसं लिहिलं, पान नव्यानं उघडलं आणि पहिलं बटण दाबलं. 'कोण आहे?' यायला हवं होतं.

"पुरे झालं आता. बंद कर ते."

तिनं दुसरं दाबलं. "पुरे झालं आता. बंद कर ते." पाचवं दाबलं, सतरावं दाबलं. तेच. तीसच्या तीस बटणांना एकच वाक्य पाठ झालं होतं.

बाईंचा दुसरा धडा होता, अडलं की प्रत्येक पायरीला कन्सोलमध्ये नावं छापून बघा. तिनं नेमून देण्याच्या पायरीवर छापून बघितलं. एक ते तीस, सगळी नावं ओळीनं बरोबर. मग घोडं पेंड खातंय कुठं? तिनं चिडून परत बटणं दाबली, एकामागून एक, आणि दुकानभर ताई तेच तेच बजावत राहिली, पुरे झालं आता, पुरे झालं आता.

मागं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ताई दारात उभी होती. सामान बांधून झालं असावं. खोलीची किल्ली द्यायला ती खाली आली होती आणि तीच हातातून पडली होती.

 चार महिन्यांनी ताईनं स्वतःचा आवाज ऐकला, आणि ऐकलं काय, तर हे. तिनं घाईनं संगणक मिटायला हात नेला. ताईनं तो बाजूला सारला. स्टुलावर बसली. पहिलं बटण दाबलं, ऐकलं. आठवं दाबलं. मग 'टाचणे, इकडे ये' लिहिलेलं दाबलं. "पुरे झालं आता. बंद कर ते." ताईनं तोंडावर पदर घेतला आणि तिचे खांदे गदगदायला लागले.

"ताई, चुकलं माझं. मी उद्याच्या आत करणार होते नीट. रडू नकोस ना गं."

ताईनं पदर काढला. ती हसत होती. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि हे टाचणीनं चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिला एकदम इतकं बरं वाटलं की तीच रडायला लागली.

मग ताईनं दुकानातली पाटी ओढली. लिहिलं, 'दाखव.'

"तुला काय कळणार त्यातलं? मलाच कळेना."

ताईनं नुसतं बघितलं. जन्मभर लोकांच्या चुका शोधून पोट भरलेल्या बाईला हे विचारायचं नसतं. टाचणीनं गुमान ओळीवर बोट ठेवून समजावलं. हा एक डबा आहे. त्याचं नाव आवाज. पहिल्या बटणापाशी जायचं, डब्यात पहिल्या फाइलचं नाव टाकायचं, बटणाला सांगायचं, तुला कुणी दाबलं की डब्यात बघ आणि ते वाजव. मग दुसऱ्या बटणापाशी, डब्यात दुसरं नाव. असं तीसपर्यंत. "आणि छापून बघितलं मी. सगळी नावं बरोबर येतात."

ताईनं लिहिलं, 'केव्हा बघितलंस?'

"म्हणजे? काम नेमून देताना."

'दाबताना बघ.'

टाचणीनं छापायचा हुकूम उचलून दाबण्याच्या जागी नेला. पहिलं बटण दाबलं. तीस. नववं दाबलं. तीस. ती चक्रावून बघत राहिली. ताईनं पुन्हा लिहिलं, एकाखाली एक, गणितासारखं:

'बटणं किती?'

"तीस."

'डबे?'

"एक," टाचणी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा हात कपाळावर गेला. ताईनं खडू ठेवला आणि फळीकडं बोट केलं, जिथं प्रत्येक कापडाला चिठ्ठी टाचलेली होती. मग त्याच बोटानं तिनं हवेत मोठ्ठा तंबू काढून दाखवला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! एकच पाटी, लिहायचं आणि पुसायचं. बटण दाबलं जातं नंतर, आणि तोवर डब्यात शेवटचं तेवढं उरलेलं. तीस वर्षं लोकांना ऐकवलेली फजिती तिनं जशीच्या तशी परत केली होती. टाचणीनं डबाच काढून टाकला. ज्याची फाइल त्याच्याच अंगावर, प्रत्येक बटणाला तिनं नाव टाचलं, आणि सांगितलं, दाबलं की दुसरीकडं कुठं बघायचं नाही, आपली चिठ्ठी वाचायची.

दिवेलागणीला ताईनं पहिलं बटण दाबलं.

"कोण आहे?"

 मग तिनं एक ते तीस ओळीनं दाबली, उत्तरपत्रिका तपासावी तशी, आणि प्रत्येक बरोबर उत्तराला वहीत लाल टिक केली. तिसाव्या बटणावर काही लिहिलेलं नव्हतं. टाचणी म्हणाली, "ते चुकून भरलंय. काढून टाकू?" ताईनं नकारार्थी मान हलवली आणि त्यालाही टिक केली. मग ती वर गेली आणि खणातून टॅब घेऊन आली.

रविवारी अकराला मुलानं दार वाजवलं. टाचणी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती, फोन हातात घेऊन. रात्री तिनं पान बाईंनी दिलेल्या जागेवर चढवलं होतं आणि टॅबवर चालवून बघितलं होतं. तरी यंत्राचा काय भरवसा.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

 मुलाचा हात दारावर तसाच राहिला. दार उघडलं तेव्हा तो आईकडं बघत होता की टॅबकडं, ते खालून दिसलं नाही. मग तो आत गेला, आणि वेड्यासारखा भराभर बोलायला लागला. हे छान आहे, मावशीनं कमालच केली, पण आई, हे खेळणं झालं. उद्या तुला बरं वाटलं नाही तर? फोन आला तर काय करशील?

टाचणीनं तेवढंच ऐकलं आणि खालून फोन लावला. दोनदा वाजला. "ऐकतेय मी, बोला," ताई म्हणाली. टाचणी म्हणाली, "काही नाही गं, सहज केला," आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर आली.

"ते ठीक आहे," मुलगा म्हणत होता, "पण गाडी खाली उभी आहे, सामान बांधलंय—"

"नाही म्हणजे नाही."

"अगं, पण तू समजून तरी घे. आम्हाला तिकडं झोप लागत नाही. मी म्हणतो, निदान सहा महिने—"

ताईनं काही न लिहिलेलं बटण दाबलं.

"पुरे झालं आता. बंद कर ते."

चाळिशीचा मनुष्य, डोक्यावरचे केस निम्मे गेलेला, पाढे चुकलेल्या पोरासारखा गप्प झाला.  त्यानं आईचं बांधलेलं बोचकं बघितलं, आईकडं बघितलं. मग तो उठला, बाहेर आला, दार ओढून घेतलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर टाचणी उभी होती. तिला वाटलं, रागावून निघाला. त्यानं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहायला सांगितलं, डोळे पुसले आणि पुन्हा दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी आहे, आई."

 आत ताई बटण शोधत असावी.

"आत ये. चपला बाहेर काढ."

त्यानं खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या.