आठ दिवस

“सावकाश, पोपटदादा. आत करवत लागायला नको,” डॉक्टर मैथिली म्हणाल्या.

पोपट रोह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. सव्वीस वर्षं त्याने गाईम्हशींच्या जखमा धुतल्या. भेकराचं डोकं उघडायची वेळ आज पहिल्यांदाच आली, तीही या गावात, देवळामागे. जंगलातलं जनावर आपणहून येऊन देवळाभोवती फिरतंय म्हटल्यावर लोकांना प्रदक्षिणाच दिसली. नारळ फुटले, बायांनी हळदकुंकू लावलं, फोटो निघाले. काल ते पडलं आणि मेलं. आता पिसाळलेलं निघालं तर अख्ख्या गावाला सुया घ्याव्या लागणार होत्या.

कवटीचं हाड निघालं. मेंदूत उजव्या बाजूला सुपारीएवढा पिवळट गोळा होता.

“गाठ दिसतेय,” मॅडम म्हणाल्या. “लॅबमध्ये पक्कं कळेल, रेबीजचंही. पण म्हणूनच ते सारखं उजवीकडे वळत होतं. डावीकडचं त्याला उमगतच नसणार.”

पोपटला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

त्याच्या बायकोची, कृष्णाबाईची, डोक्यातली गाठही उजवीकडेच होती. तिच्या ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची, डावा खांदा चौकटीला आपटायचा. “डोळे फुटले काय गो?” म्हणून तो हसायचा. तीही हसायची. पेणला माहेरी जाताना वडखळला एसटीत चढता चढता पडली, तेव्हा कुठे दवाखाना झाला. शिमग्याच्या आधी ती गेली.

मॅडमनी फॉर्म त्याच्याकडे दिला. “लक्षणं किती दिवसांपासून?”

देवळाचा गुरव केरू पुढे झाला. “आठ दिस झालं असतील.”

“नक्की?”

“व्हय. त्याच्या आधी कायच नव्हतं. चांगलं व्हतं की.”

पोपटने मान वर केली. देवळाभोवतीच्या गवतात खुरांनी घोटून पायवाट पडली होती. आठ दिवसांत अशी वाट पडत नाही. केरू तिकडे बघत नव्हता.

पोपटला त्याचा राग आला नाही. कृष्णाबाईच्या वेळी मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला हेच विचारलं होतं. सहा महिने आपण हसत होतो, हे सांगायला त्याची जीभ वळली नव्हती.

त्याने हातमोजे काढले, हात धुतले आणि लिहिलं : सहा महिने.

केरू वाकून बघत होता. “ओ दादा, मी आठ दिस बोललो.”

“व्हय,” पोपट म्हणाला. “मी पन तेच बोललेलो.”