पातं कुठल्या बाजूला

टेबलावरची मोठी करवत विकली ती बायकोच्या दुखऱ्या खांद्यापायी. एकतीस वर्षं मी प्लायचा तक्ता अलीकडून ढकलायचो आणि पलीकडे उभी राहून ती तो झेलायची. आता जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मला ऐकतानाच लाज वाटली.

नवी करवतही विजेचीच, पण हातात मावते. तक्ता जमिनीवर आडवा टाकायचा, रेघेला लांब पट्टी लावायची आणि पट्टीवरून करवत सरकवायची. झेलायला कोणी लागत नाही, हे मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि जिना चढून घरात गेली. चार माणसांनी जुनी करवत टेम्पोत चढवली, तेव्हाही ती खाली आली नाही.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं होतं. प्रत्येक कापाआधी तिचं एकच पालुपद, "पातं कुठल्या बाजूला?" म्हणजे पात्याची जाडी रेघेच्या कुठल्या अंगाचं लाकूड खाणार? मी कधी धड उत्तर दिलं नाही. "अगं, मी काय काल सुतार झालो?" एवढंच म्हणायचो.

आज कपाटाचे दोन दरवाजे कापले. गुडघे जमिनीवर टेकून टेकून जीव मेटाकुटीला आला होता. दरवाजे लावून पाहिले, तर दोन्ही सूतभर कमी. पट्टी ठेवायची दरवाजाच्या तुकड्यावर, म्हणजे पातं टाकाऊ बाजूचं खातं. मी ती ठेवली होती टाकाऊ बाजूवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कितीतरी वेळ मी भुशातच बसून राहिलो. ओरडायचंही त्राण नव्हतं, आणि ओरडणार तरी कोणावर?

वर गेलो. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"झोपलीस?"

"झोपून झोपून कंटाळा आला. काय झालं?"

"दरवाजे सूतभर कमी भरले."

मला वाटलं, आता ऐकवेल. ती उठून बसली. "मला वाटलं, तुम्हाला आता माझी गरजच उरली नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"एक तक्ता शिल्लक आहे," मी म्हटलं. "खाली चल. उचलायचं काही नाही."

ती स्टुलावर बसली. मी रेघ मारली, पट्टी लावली, करवत हातात घेतली. ती गप्पच.

"विचार की."

"तुम्हीच वैतागता."

"विचार गं."

"पातं कुठल्या बाजूला?"

पट्टी बरोबरच होती. तरी मी करवत खाली ठेवली, वाकून पुन्हा पाहिलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला नीट उत्तर दिलं.

"टाकाऊ बाजूला."

"मग कापा," ती म्हणाली.