चार पिवळे कोट

कपडेपटाच्या गाडीत चढताच ओडेसा दारातच थबकली. दांडीवर तिचा पिवळा कोट लटकत होता आणि शेजारी हुबेहूब तसेच आणखी तीन.

पात्र जगणार असेल तर एक कोट पुरतो. चार शिवले म्हणजे एक धड, एक फाटका, एक रक्ताने माखलेला आणि चौथा दृश्य पुन्हा घ्यावं लागलं तर. या धंद्यात केस पांढरे केलेल्या काळ्या नटीला हे कुणी शिकवावं लागत नाही.

"चार कशाला गं?" तिने कपडे शिवणाऱ्या ग्रेटाला विचारलं.

"वरून सांगितलं, शिवले," ग्रेटा म्हणाली, तेही मान खाली घालून.

जग संपलंय आणि उरलेली माणसं बर्फातून उत्तरेला निघालीत, असा सिनेमा. आजवर अशा प्रत्येक सिनेमात जगापाठोपाठ ओडेसाचा नंबर लागलेला, तोही बहुधा कुण्या गोऱ्या नायकाला वाचवताना. मेलं ते शौर्य! तिकडे ॲटलांटात तिची आई चर्चमधल्या मैत्रिणींना घेऊन सिनेमाला जायची आणि लेक मेली की पर्स उचलून बाहेर पडायची. "एकदा तरी मला दिवे लागेपर्यंत बसू दे गं," असं ती म्हणाली होती. आता तिचं हृदय थकलं होतं. तू शेवटपर्यंत जगशील, असा शब्द दिग्दर्शक ब्रेंटने दिला, म्हणून तर ओडेसा कॅनडातल्या अल्बर्टाच्या या जीवघेण्या थंडीत आली होती.

जेवताना एल्डन समोर येऊन बसला. तो इथलाच, क्री या आदिवासी जमातीचा, सिनेमात झालरीचं तपकिरी जाकीट घालणारा वाटाड्या. त्याने घरची बॅनक रोटी पुढे केली.

"तोंड का पाडलंयस?"

"माझे चार कोट शिवलेत."

"मग आटोपलंच की तुझं!" तो हसला. "माझी आई तर सुरुवातीलाच चहा टाकायला उठते. म्हणते, तू काय, आत्ता मरशील."

ओडेसाला हसू आलं नाही. काल हा ब्रेंटच्या कानाशी काय कुजबुजत होता? याला आधीच ठाऊक असणार. तिने रोटीला हात लावला नाही.

संध्याकाळी तिने ब्रेंटला गाठलं. "पोस्टरवर मी, मुलाखतीत 'आमच्या सिनेमात सगळ्यांना स्थान' आणि गाडायलाही मीच?"

"अगं, शेवटाआधी कुणीतरी जावं लागतं. प्रेक्षकांना चटका बसतो."

"मग नायकाला मार."

"नायकाला?" तो खरोखरच गोंधळला.

"मग उद्या मी सेटवर येत नाही. का, ते पत्रकारांना सांगते."

"बरं बाई, जग तू! झालं?"

मग कोण, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही. बाहेर येऊन आधी आईला फोन लावला. "आई, या वेळी पर्स मांडीवर ठेवून बस. उठायचं नाही."

दोन दिवसांनी दांडीवर पिवळा कोट एकच होता. ओडेसाला इतकं हायसं वाटलं की तिने ग्रेटाला मिठीच मारली. ग्रेटा अंग चोरून उभी राहिली. तिच्यामागे झालरीची तीन तपकिरी जाकिटं टांगलेली होती. चौथं मशीनवर होतं.

दार उघडलं. एल्डन दोन हातांत दोन कॉफ्या घेऊन आत आला. त्याने जाकिटं पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. एक कॉफी तिच्या हातात दिली.

"तुझी आई बसेल ना गं या वेळी शेवटपर्यंत?" त्याने विचारलं.