आठ पॅड

पेणला गाडी थांबली आणि सादिया चढली. मालतीने रोह्यापासून तिच्यासाठी खिडकी धरून ठेवली होती. दोघी पनवेलला कीबोर्ड घ्यायला निघाल्या होत्या.

तीस वर्षांपूर्वी त्या अंबरीशच्या ऑर्केस्ट्रात होत्या. मालती कीबोर्ड वाजवायची, सादिया रिदम मशीन सांभाळायची. सादियाच्या अब्बांचं पेणमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. “पोरगी स्टेजवर नाय दिसणार,” त्यांनी अंबरीशला बजावलं होतं, “मागं बसली तर चालेल.” म्हणून ती स्पीकरच्या आडोशाला खोक्यावर बसायची. तिथून तिला फक्त मालतीची पाठ दिसायची. तेवढ्यावर तिचं भागत असे. मालतीचा खांदा जरा उचलला गेला की पुढचं कडवं आलं, हे ती ओळखायची आणि ठेका बदलायची. पुढे लग्न होऊन सादिया कतारला, दोह्यात गेली. मालती रोह्यात शिक्षिका झाली आणि शाळेच्या प्रार्थनेला पेटी वाजवत राहिली.

यंदा निवृत्त झाल्यावर मालतीने लॅपटॉपवर स्वतःच्या धुना बांधायला घेतल्या. अंबरीशला त्या आवडल्या. त्याने पेणच्या रामवाडीतल्या हॉलमध्ये तासाभराचा प्रोग्रॅम ठरवून टाकला. नेमकी सादिया सुट्टीवर आली होती. मालतीला वाटलं, जमलंच सगळं.

पनवेलच्या दुकानदाराने दोन कीबोर्ड काढून ठेवले. तो त्यांना कंट्रोलर म्हणत होता. मालतीने सवयीने एक स्वर दाबला. आवाजच नाही.

“तो नुसता हुकूम देतो गो,” सादिया हसली. “वाजतो लॅपटॉप.”

वायर जोडल्यावर मालतीने एकसष्ट पट्ट्यांच्या मोठ्या कीबोर्डवर हात फिरवला. पट्ट्या किंचित जड होत्या, ऑर्केस्ट्रातल्या जुन्या कीबोर्डसारख्या. तिला तो लगेच आवडला.

“हा माझ्यासाठी. आणि तुला ठेक्यासाठी पॅडचा वेगळा डबा घेऊ.”

सॉफ्टवेअर सादियाने निवडलं. एकात गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका रेषेत मांडायचं होतं. दुसऱ्यात प्रत्येक तुकड्याचा वेगळा चौकोन होता. हवा तेव्हा हवा तो सुरू करा. “हेच घे. लोक रंगले तर एखादा तुकडा लांबवता येतो.” मग तिने बाजूचा एकोणपन्नास पट्ट्यांचा कंट्रोलर पुढे ओढला. त्याच्या डाव्या अंगाला बोटाने दाबायचे आठ रबरी पॅड होते. “आणि कीबोर्ड हा.”

“हा छोटा हाय. आणि पॅड यातच असतील तर तू काय वाजवणार?”

सादिया वायर गुंडाळत राहिली. “माझं तिकीट बारा तारखेचं हाय. सूनबाईची बाळंतपणाची तारीख अलीकडे आलीय.”

प्रोग्रॅम सोळाला होता.

“कधीपासून ठाऊक हाय तुला?”

“आठ दिवस.”

मालतीने छोटाच घेतला. परतीच्या गाडीत तिने तो मांडीवर घट्ट धरून ठेवला. पेण आलं.

“उतर,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“नाय उतरत. तुझ्याकडे येते. डावा हात शिकवल्याशिवाय तुला सोडून कशी जाऊ?”

सादिया चार दिवस रोह्याला राहिली. पहिल्या पॅडवर तिने ठेका बसवला, दुसऱ्यावर ओळीनंतरची तोड, शेवटच्यावर धून संपवणारी तिहाई. मालतीचा डावा हात चुकला की ती मागून ओरडायची. एकदा मालती चिडून म्हणाली, “तू असतीस तर मला हे करावंच लागलं नसतं.” “म्हणूनच करून देतेय ना गो,” सादिया म्हणाली. मग दोघींनी चहा घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सोळाला हॉल भरला. जवळच्या हमरापूरचे गणपतीचे मूर्तिकार कामं आटोपून, हाताला रंग तसाच ठेवून आले होते. दुसऱ्या धुनेत मालतीचा डावा हात अडखळला. पॅड उशिरा दाबला गेला, पण सॉफ्टवेअरने वाट पाहिली आणि तोड पुढच्या समेवर बरोबर आणली. मधल्या वेळात मालतीने उजव्या हाताने शेवटची ओळ पुन्हा वाजवली. कुणाला कळलं नाही. टाळ्या पडल्या, अंबरीशने डोळे पुसले. मालतीला आनंद झाला, आणि तरी तिने सवयीने एकदा मागे वळून पाहिलं. मागे नुसता स्पीकर होता.

तिने रेकॉर्डिंग दोह्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला. मागे तान्हं बाळ रडत होतं.

“दुसऱ्या धुनेत ओळ दोनदा का घेतलीस?”

“मुद्दाम घेतली.”

“खोटं नको बोलू. हात चुकला तुझा.”

मालतीला हसू आवरेना. “व्हय, चुकला.”

“मग शुक्रवारी मला सुट्टी हाय. लॅपटॉप उघडून ठेव, तोड तिसऱ्या पॅडवर नेऊ, तिथं बोट वेळेवर पडेल तुझं,” सादिया म्हणाली आणि बाळाला घ्यायला उठली.