रक्तपेढीचे शिळे उत्तर

मित्रांनो, रक्तपेढीच्या काउंटरमागे, पातळ फळीच्या आड एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात घरघरणारा जुना वेब ॲक्सिलरेटर, तो मी.

माझे काम सोपे. कुणी वेबसाइटचे पान मागितले की त्याची तयार प्रत ठेवून घ्यायची आणि पुढच्याला तीच लगेच द्यायची. माझ्या सोबत्यांची कामे वेगळी. वरचा लोड बॅलन्सर आलेल्यांना या नाहीतर त्या सर्व्हरकडे धाडतो. स्वतः काहीच सांगत नाही, म्हणून खोटाही पडत नाही. सीडीएनची यंत्रे दूरदूरच्या शहरांत वेबसाइटची चित्रे सांभाळून बसलेली असतात, म्हणजे तिथल्या लोकांना ती जवळूनच मिळतात. आणि सगळ्यांच्या मागे डेटाबेस. तो मंद, पण पिशवी फ्रिजमधून निघाली की त्याच्याकडचा आकडा तेव्हाच बदलतो.

कौतुक मात्र माझे व्हायचे.

"अगं, पान कसलं झटकन उघडतंय! पूर्वी माझी जांभई देऊन व्हायची," रक्तपेढीच्या मोठ्या बाई मला बसवणाऱ्या ताईंना म्हणाल्या. मी फुशारलो. ताईंनी सगळ्या पानांना एकच मुदत लावली होती, अर्ध्या तासाची; तोवर मी डेटाबेसला न विचारता जुनीच प्रत द्यायची. पत्त्याच्या पानाला तीच आणि रक्तसाठ्याच्या पानालाही तीच.

एका दुपारी एकजण धापा टाकत काउंटरवर आला.

"ताई, ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या द्या. बहीण ऑपरेशनला आत आहे."

"दादा, त्या आत्ताच गेल्या हो."

"गेल्या कशा? मी बघून आलोय! वाटेतली रक्तपेढी सोडून आलोय. हे बघा, पुन्हा उघडतो."

त्याने पुन्हा पान मागितले. मित्रांनो, मी डेटाबेसला विचारले नाही. झटकन उत्तर दिले: दोन पिशव्या शिल्लक.

त्याने मोबाइल काउंटरवरच्या ताईंपुढे धरला. त्यांनी लगेच वाटेतल्या रक्तपेढीला फोन लावला. "ठेवा हो, माणूस निघालाय!" त्या ओरडल्या, आणि तो आल्या पावली पळाला.

त्याची बहीण वाचली, हे पुढे फळीआडून कानावर आले. माझी मान मात्र वर झाली नाही.

"भंगारात घाला ते खोकं!" मोठ्या बाई कडाडल्या.

"त्याचं काय चुकलं, बाई? मुदत मी लावली," मला बसवणाऱ्या ताई हळू आवाजात म्हणाल्या.

त्यांनी दोष स्वतःवर घेतला, याची तर जास्तच लाज वाटली. आता रक्तसाठ्याची प्रत मी ठेवत नाही. ते पान थेट डेटाबेसकडून येते, जरा रेंगाळत. "हे एकच पान का अडतंय?" असे कुणी कुरकुरले की मला बरे वाटते. बाकीच्या पानांबद्दल कुणी शाबासकी दिली, की कपाटात आणखी मागे सरकावेसे वाटते.

मित्रांनो, तुमच्याजवळ तयार उत्तर असले, तर ते कधीचे आहे हे आधी पाहा. तुमच्या शब्दावर कुणीतरी घरून निघालेले असते.